उल्लेखांचें माप व संशोधकाची योग्यता

हल्लीं एखाद्या वैद्यकीय संशोधकाची योग्यता जाणून घेण्यासाठीं त्याचा एकहि निबंध वाचण्याची आवश्यकता उरलेली नाहीं. त्याचें नांव संगणकास सांगितलें, कीं क्षणार्धांत एक कोष्टक पुढें येतें : एकूण निबंध इतके, इतरांनीं केलेले त्यांचे उल्लेख इतके, एच-इंडेक्स अमुक, सहलेखक तमुक, आणि खालीं कोळ्याच्या जाळ्यासारखी एक आकृति, जींत तो संशोधक मध्यभागीं बसलेला असून त्याच्या सहकार्याच्या रेषा दाही दिशांस गेलेल्या दिसतात. निवडसमितीचे सभासद हें कोष्टक पाहतात, विद्यापीठांचे चालक पाहतात, अनुदान देणारे पाहतात. आणि आतां सुशिक्षित घरांतील मंडळीहि वडिलांच्या प्रोस्टेट ग्रंथीवरील शस्त्रक्रिया कोणाकडून करवावी हें ठरवितांना त्याच कोष्टकाकडे वळूं लागली आहे.

या कोष्टकाविरुद्ध आम्हांस कांहीं सांगावयाचें आहे. त्यांतील आंकडे खोटे असतात असें आमचें म्हणणें नाहीं. बहुधा ते खरेच असतात. आमची तक्रार अशी कीं, या संशोधकाकडे इतर लेखकांचें लक्ष किती गेलें, एवढ्या प्रश्नाचें उत्तर हे आंकडे देतात, आणि तें उत्तर ‘या संशोधकानें काय केलें’ या निराळ्याच प्रश्नाचें म्हणून स्वीकारलें जातें. दोन प्रश्नांमधील हें अंतर बुजविण्याची संवय विद्वानांच्या वर्गांत इतकी रुजली आहे कीं, तिचे परिणाम अखेर रोग्याच्या खाटेपर्यंत येऊन पोंचतात. हें दाखविण्यासाठीं आम्ही मूत्ररोगशास्त्र हें एकच क्षेत्र घेतों. मुतखडा, उतारवयांतील लघवीचा अवरोध, मूत्राशयाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग यांपैकीं एकाचीहि ओळख नाहीं असें कुटुंब विरळाच. तेव्हां हा विषय केवळ पंडितांचा आहे असें कोणीं समजूं नये.

या मोजणीचा उगम वाईट हेतूंतून झालेला नाहीं, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. एखाद्या निवाड्याचा पुढें कोणकोणत्या खटल्यांत आधार घेतला गेला, हें अमेरिकेंतील वकील पूर्वीपासून एका सूचीवरून काढीत असत. तशीच सूची शास्त्रीय निबंधांसाठींहि असावी, अशी कल्पना युजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत मांडली, आणि १९६४ सालीं त्यांच्या फिलाडेल्फिया येथील संस्थेची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची रीतसर सुरू झाली. तिचा उद्देश वाट दाखविण्याचा होता : एका निबंधावरून पुढील निबंध सांपडावा. त्याच सूचींतून ‘इंपॅक्ट फॅक्टर’ निघाला. एखाद्या नियतकालिकाच्या गेल्या दोन वर्षांतील निबंधांचा एका वर्षांत सरासरी किती वेळां उल्लेख झाला, एवढेंच तो सांगतो. नियतकालिकांची तुलना करणाऱ्यास त्याचा उपयोग आहे. परंतु एकेका संशोधकाची परीक्षा या आंकड्यानें करूं नये, असा इशारा खुद्द गारफील्ड यांनींच वेळोवेळीं दिला होता. निर्मात्याचा इशारा मागें पडला आणि आंकडा पुढें गेला.

२००५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनीं ‘एच-इंडेक्स’ काढला. त्याची रीत सोपी आहे. ज्याच्या वीस निबंधांपैकीं प्रत्येकाचा उल्लेख निदान वीस वेळां झालेला आहे, परंतु एकवीस निबंधांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं, त्याचा एच-इंडेक्स वीस. आतां समजा, एका मूत्ररोगतज्ज्ञानें आयुष्यांत तीनच निबंध लिहिले व प्रत्येकाचा हजार वेळां उल्लेख झाला. त्याचा एच-इंडेक्स तीन. दुसऱ्यानें वीस मध्यम प्रतीचे निबंध लिहून प्रत्येकीं वीस उल्लेख मिळविले, त्याचा वीस. शिवाय हा आंकडा कधीं उतरत नाहीं. लेखकानें काम सोडलें तरी तो वाढतो, लेखक निवर्तला तरीहि वाढूं शकतो. त्यामुळें तरुण मनुष्य त्याच्यापुढें नेहमींच दरिद्री ठरतो. या मापाचे गंभीर दुष्परिणाम होऊं शकतात, असें २०२० सालीं खुद्द हिर्श यांनींच लिहिलें आहे. दोन्ही मापें करणारांनीं आपापल्या मापांविषयीं सावध केलें असतां, तीं वापरणारांनीं मात्र निःशंक असावें, हा प्रकार चमत्कारिक नव्हे काय ?

उल्लेख म्हणजे वस्तुतः काय, तें पाहूं. एका निबंधाच्या शेवटीं दुसऱ्याचें नांव आलें, एवढेंच मोजणाऱ्या यंत्राला समजतें. तें कृतज्ञतेनें आलें, खंडनासाठीं आलें, रूढि म्हणून आलें, कीं परीक्षकाची मर्जी राखण्यासाठीं आलें, हें त्याला समजत नाहीं. गोंवर, गालगुंड व रुबेला यांवरील संयुक्त लशीचा मुलांच्या स्वमग्नतेशीं संबंध सुचविणारा अँड्र्यू वेकफील्ड व त्यांचे सहकारी यांचा निबंध १९९८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आला, आणि २०१० सालीं त्या नियतकालिकानें तो मागें घेतला. त्या निबंधाचे उल्लेख शेंकड्यांनीं झाले आहेत, व त्यांपैकीं पुष्कळ त्याचा फोलपणा दाखविण्यासाठींच आहेत. परंतु यंत्राच्या वहींत ते सारे जमेच्या बाजूला पडतात.

खरोखर उपयुक्त अशा निबंधांसंबंधानेंहि ही मोजणी भलतेंच सांगते. जगांतील सर्वांत अधिक उल्लेखिलेला निबंध कोणता, असें विचारलें तर उत्तर येतें : प्रथिनांचें प्रमाण मोजण्याची रीत सांगणारा ऑलिव्हर लॉरी प्रभृतींचा १९५१ चा निबंध, त्याचे उल्लेख तीन लक्षांवर गेले आहेत. रीत उत्तम आहे, प्रयोगशाळेंत ती रोज लागते, म्हणून तिचें नांव रोज येतें. मूत्ररोगशास्त्रांतहि हेंच दिसतें. प्रोस्टेट वाढलेल्या रोग्यास विचारावयाचे सात प्रश्न अमेरिकन संघटनेनें १९९२ सालीं निश्चित केले. त्या विषयावर लिहिणारा प्रत्येकजण तेव्हांपासून त्या प्रश्नावलीचा उल्लेख करीत आला आहे. परिभाषा ठरविणारे अहवाल व उपचारांचे मार्गदर्शक नियम यांचीहि हीच गोष्ट. हीं कामें हलकीं आहेत असें कोण म्हणेल ? परंतु दुकानांत तागडी सर्वांत अधिक वेळां हातीं येते, म्हणून ती धान्याहून पौष्टिक ठरत नाहीं.

उलटपक्षीं, जें काम सर्वांच्या अंगवळणीं पडतें त्याचा उल्लेखच बंद होतो. मिनेसोटा प्रांतांतील सेंट पॉल येथील मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनीं १९३० नंतरच्या दशकांत फुग्याच्या योगानें मूत्राशयांत टिकून राहणारी नळी प्रचारांत आणली. आज जगांतील प्रत्येक रुग्णालयांत परिचारिकेच्या तोंडीं फोलीचें नांव आहे. परंतु ती नळी बसवितांना कोणी तळटीप लिहीत नाहीं. १९७६ सालीं कॅनडांतील किंग्स्टन येथील अल्व्हारो मोरालेस व त्यांचे दोन सहकारी यांनीं क्षयरोगाची बी. सी. जी. लस मूत्राशयांत सोडून तेथील वरवरच्या कर्करोगावर उपचार केल्याचें वृत्त प्रसिद्ध केलें. रोगी किती ? अवघे नऊ. आज असा निबंध एखाद्या समितीपुढें आला, तर संख्या अपुरी म्हणून तो बाजूस सारला जाण्याचाच संभव अधिक. परंतु तो उपचार अजूनहि चालू आहे, आणि त्यानें ज्यांचें मूत्राशय वांचलें त्यांपैकीं एकाचीहि नोंद कोणत्याहि उल्लेखसूचींत नाहीं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनीं या गोष्टीकडे पूर्वींच लक्ष वेधिलें होतें : ज्ञान सर्वांचें झालें, कीं ज्याचें तें मूळ त्याचें नांव पुसलें जातें.

काळाचा प्रश्न याहूनहि बिकट आहे. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्डे येथील एका लहान रुग्णालयांत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानें मूत्रवाहिनीसाठीं असलेली बारीक नळी स्वतःच्या दंडांतील शिरेंतून सरळ हृदयापर्यंत नेली व क्ष-किरणांचें छायाचित्र घेऊन तें सिद्ध केलें. विद्वानांकडून त्याला उत्तेजन मिळालें नाहीं. पुढें तो मूत्ररोगांकडे वळला. अमेरिकेंत कूर्नां व रिचर्ड्स यांनीं तीच रीत पुढें नेली, तेव्हां कोठें तिचें महत्त्व जगास पटलें. १९५६ सालीं या दोघांसह फोर्समान यांना नोबेल पारितोषिक मिळालें, त्या वेळीं ते बाद क्रॉयत्सनाख येथें मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत होते. १९३५ सालीं त्यांचें कोष्टक कोणीं काढलें असतें, तर त्यांत काय दिसलें असतें ?

१९६६ चें पारितोषिक तर या बाबतींत फारच बोधप्रद आहे. तें दोघांत विभागलें गेलें. एक शिकागोचे मूत्ररोगतज्ज्ञ चार्ल्स हगिन्स. प्रोस्टेटचा कर्करोग शरीरांतील अंतःस्रावांवर अवलंबून असतो, हें त्यांनीं १९४१ सालीं दाखविलें होतें. दुसरे पेटन राउस. कोंबड्यांतील एका अर्बुदाचें कारण विषाणु आहे, हा त्यांचा शोध १९११ चा. पारितोषिकासाठीं राउस यांना पंचावन्न वर्षें थांबावें लागलें, आणि ते सत्त्याऐंशी वर्षांपर्यंत जगले म्हणूनच तें त्यांच्या हातीं आलें. आपल्या देशांतील उदाहरण पाहावयाचें असल्यास कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांचें पाहा. पटकीचे जंतु विष निर्माण करतात, हें त्यांनीं १९५९ सालीं ‘नेचर’मध्यें दाखविलें, पुढें कित्येक वर्षें त्याकडे फारसें कोणीं पाहिलें नाहीं. १९७८ सालीं पटकीवरील नोबेल परिषदेचें त्यांना निमंत्रण आलें. १९८५ सालीं ते वारले. आणि १९८६ सालीं त्यांच्या कार्याची महती सांगणारा लेख लिहिला तो कोणीं, तर उल्लेखसूचीच्या जनकानें, म्हणजे गारफील्ड यांनीं. मोजणीच्या आचार्यालाहि या मनुष्याची थोरवी सांगण्यासाठीं आंकड्यांच्या जोडीला लेखणी हातीं घ्यावी लागली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां सहकार्याच्या त्या जाळ्याकडे वळूं. सहकार्य हें शास्त्राचें जीवन आहे, याविषयीं दुमत नाहीं. १९८१ सालीं बाल्टिमोरचे शल्यवैद्य पॅट्रिक वॉल्श यांची हॉलंडांतील लायडन येथें पीटर डोंकर या सेवानिवृत्त प्राध्यापकाशीं गांठ पडली. मृतजात अर्भकाच्या शरीराचें विच्छेदन करून दोघांनीं मिळून त्या भागांतील मज्जातंतूंचा मार्ग शोधला. प्रोस्टेट काढतांना ते तंतु कसे वांचवावे, हें त्यावरून उमगलें, आणि १९८२ पासून त्या शस्त्रक्रियेचें स्वरूपच पालटलें. असंख्य पुरुषांचें वैवाहिक जीवन उध्वस्त होण्यापासून बचावलें. म्युनिकमध्यें १९८० सालीं ख्रिस्तियान चौसी व त्यांचे सहकारी यांनीं शरीर न कापतां आघातलहरींनीं मुतखडा फोडला, तो डॉर्निए या विमानें बांधणाऱ्या कारखान्यांतील तंत्रज्ञांच्या साहाय्यानें. वॉल्श व डोंकर यांच्यामधील रेषा त्या जाळ्यांत एकच निघेल, आणि तीहि बारीक. ज्यानें शेंकडो निबंधांवर केवळ स्वाक्षरी केली, त्याच्या रेषा मात्र जाड व दाट निघतील. २०१५ सालीं हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील एका निबंधाला पांच हजारांहून अधिक लेखक होते. तेथें तें अपरिहार्य असेल, कारण यंत्रच तेवढें मोठें. परंतु आपल्या इस्पितळांत विभागप्रमुखाचें नांव प्रत्येक निबंधावर घालण्याची जी चाल आहे, तिला कोणत्या यंत्राचा आधार आहे ? रात्रभर रोग्यांचीं टिपणें काढणारा विद्यार्थी आणि त्या टिपणांवर ज्याची दृष्टिहि गेलेली नाहीं असा प्रमुख, हे दोघेहि त्या जाळ्यांत सारखेच ठिपके; किंबहुना दुसऱ्याचा ठिपका मोठा.

येथें प्रतिपक्षाचा एक मुद्दा विचारांत घेतला पाहिजे, कारण तो खरोखर वजनदार आहे. ते म्हणतात : “आंकडे गेले, कीं वशिला येईल. पूर्वीं जात, नातें, ओळखपाळख पाहून नेमणुका होत. आंकडा निदान कोणाचा भाचा नसतो.” ज्या देशांत नेमणुकीची प्रत्येक यादी संशयानें वाचली जाते, तेथें या युक्तिवादाचें आकर्षण आम्हांस समजतें. आडगांवच्या कॉलेजांतील होतकरू तरुणाला, ‘माझे आंकडे पाहा’ असें म्हणतां येतें, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आंकड्यांनीं वशिला हद्दपार केला कीं त्याला केवळ नवें वस्त्र दिलें, हें पाहिलें पाहिजे. ज्याच्या हातीं विभाग त्याचें नांव प्रत्येक निबंधावर. ज्यांचा कंपू मोठा त्यांना परस्परांचे उल्लेख करण्याची सोय. ज्याला कोणी नाहीं त्याला स्वतःच स्वतःचा उल्लेख करण्याची मोकळीक. एकाच निबंधानें केवढी उलथापालथ होते, याचें उदाहरण स्फटिकशास्त्रांतील आहे. २००८ सालीं जॉर्ज शेल्ड्रिक यांनीं आपल्या गणकप्रणालीचा इतिहास ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या एका विभागांत लिहिला. त्याचे इतके उल्लेख झाले कीं, त्या नियतकालिकाचा इंपॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास होता तो एकदम पन्नासाच्या घरांत गेला. त्यांतील इतर लेखकांची बुद्धि एका वर्षांत पंचवीसपट वाढली, असें कोणी म्हणेल काय ? शिवाय तराजू कोणाचा, हाहि प्रश्न आहेच. ‘स्कोपस’ ही उल्लेखसूची एल्सेव्हिअर कंपनीची, आणि मूत्ररोगशास्त्रांतील अग्रगण्य ‘युरोपियन युरॉलॉजी’ हें नियतकालिकहि तीच कंपनी काढते. माल विकणारानेंच वजनें पुरवावीं, हा व्यवहार आपण किराणा दुकानांतहि डोळे उघडे ठेवूनच पत्करतों.

माप हेंच जेव्हां साध्य होतें तेव्हां तें माप राहत नाहीं, हें अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें तत्त्व आहे. त्याचा अनुभव आपल्याकडे पुरेपूर आला. विद्यापीठ अनुदान मंडळानें २०१० सालीं अध्यापकांच्या बढतीसाठीं गुणांची मोजणी लागू केली. भारतीय वैद्यक परिषदेनें २०१५ सालीं वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीसाठीं निबंधांची अट तपशीलवार ठरवून पहिल्या दोन लेखकांनाच त्याचें श्रेय देण्याचें जाहीर केलें. परिणाम काय झाला ? पैसे घेऊन वाटेल तें छापणाऱ्या नियतकालिकांचें पीक आलें. अनुदान मंडळास २०१८ सालीं आपल्याच मान्य यादींतून चार हजारांहून अधिक नियतकालिकें काढून टाकावीं लागलीं. तिच्या जागीं आलेली ‘केअर’ यादीहि २०२५ सालीं बंद करण्यांत आली. शस्त्रक्रिया उत्तम करणारा, विद्यार्थ्यांना मन लावून शिकविणारा मनुष्य निबंध नाहींत म्हणून मागें राहिला. आणि ज्याला लिहिण्यासारखें कांहीं नव्हतें, त्यानेंहि लिहिलें.

सर्वांत मोठी हानि मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. ती विषयाच्या निवडींत होते. प्रोस्टेटच्या कर्करोगावर जगांत सहस्रावधि लोक लिहितात. त्यावर लिहिणाऱ्यास उल्लेख आपोआप मिळतात. दीर्घ व अडलेल्या प्रसूतीमुळें मूत्राशय व योनि यांमध्यें छिद्र पडून जिच्या अंगावरून लघवी अखंड वाहते, जिला त्यामुळें घरांतले लोकहि जवळ बसूं देत नाहींत, अशा गरीब स्त्रीच्या दुःखावर संशोधन करणारे थोडे, म्हणून त्यांचा उल्लेख करणारेहि थोडे. मूत्राशय उघडेंच घेऊन जन्मास येणारें मूल विरळा. त्याच्यावर वीस वर्षें लक्ष ठेवणाऱ्या शल्यवैद्यास वीस वर्षांनीं एकच निबंध लिहितां येईल. आपल्या तरुण डॉक्टरांना आपण उल्लेखांचा हिशेब शिकविला, तर ते शहाणपणानें श्रीमंतांच्या रोगांकडे वळतील, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाहीं.

कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींसहि आमचें एक सांगणें आहे. डॉक्टराची निवड करितांना ते कोष्टक मिटून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर किती रोग्यांना पुन्हां दाखल व्हावें लागतें, किती जणांना लघवीवर ताबा राहत नाहीं, ही शस्त्रक्रिया तुम्हीं स्वतः किती केल्या, आणि ती न केल्यास काय होईल, हे प्रश्न विचारा. ज्याला या प्रश्नांचा राग येत नाहीं व ज्याच्यापाशीं त्यांचीं प्रामाणिक उत्तरें आहेत, त्याचा एच-इंडेक्स कांहींहि असो.

मग संशोधकाची परीक्षा करावी तरी कशी ? उपाय नवा नाहीं. २०१२ च्या डिसेंबरांत सॅन फ्रॅन्सिस्को येथें जमलेल्या संपादकांनीं व शास्त्रज्ञांनीं एक जाहीरनामा तयार केला व तो पुढील वर्षीं प्रसिद्ध झाला. नियतकालिकाच्या आंकड्यावरून मनुष्याचें मोल ठरवूं नये, हें त्याचें सार. २०१५ सालीं लायडन येथील तज्ज्ञांच्या पुढाकारानें दहा तत्त्वें मांडण्यांत आलीं. आंकड्यांनीं जाणत्यांच्या निर्णयास साहाय्य करावें, त्याची जागा घेऊं नये, हें त्यांतील पहिलें. त्यांना अनुसरून आमची मागणी थोडकी आहे. उमेदवारानें आपले सर्वोत्तम असे पांचच निबंध पुढें ठेवावे. प्रत्येकांत आपण स्वतः काय केलें, रोगी तपासले, शस्त्र धरलें, गणित केलें, कीं केवळ नांव दिलें, हें त्यानें लिहून द्यावें. समितीनें ते निबंध वाचावे, आणि आपला निर्णय कारणांसह लेखी देऊन त्याखालीं सह्या कराव्या. वशिल्याचें भय वाटतें ना ? तर लेखी कारणाइतका वशिल्याचा दुसरा शत्रु नाहीं. आंकड्याच्या आड मनुष्यास लपतां येतें, कारणाच्या आड लपतां येत नाहीं. फसलेल्या उपचाराचा प्रामाणिक अहवाल, दहा वर्षें चालू ठेवलेली रोग्यांची नोंदवही, तयार केलेले शिष्य, यांनाहि त्यांत स्थान असावें. आंकडे पाहूं नयेत असें नाहीं. ते शेवटीं पाहावे.

यास वेळ लागेल, हें खरें. परंतु ज्या समितीला पांच निबंध वाचण्यास वेळ नाहीं, तिनें तीस वर्षांसाठीं प्राध्यापक नेमूं नये. वाचल्याशिवाय दिलेला निकाल न्यायालयांत आपण एक दिवसहि चालवून घेणार नाहीं. तो विद्यापीठांत व रुग्णालयांत आपण रोज चालवून घेत आहों, आणि त्याचा दंड भरणारा रोगी त्या खटल्यांत पक्षकार म्हणूनहि उभा नसतो.